पोपटी साडी, जांभळा ब्लाउज

"तुम्ही जरा त्या टोकाला जाऊन उभ्या राहा. तुमच्यामुळे सगळा फोटो बिघडतोय."

मॅडम असं म्हणाल्या तेव्हा आम्ही सगळ्याजणी शाळेच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. नवरात्र चालू होतं आणि त्या दिवशीचा रंग हिरवा. शिक्षिका हिरव्या, ऑफिसातल्या हिरव्या, झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा हिरव्या. मीही हिरवीच नेसले होते. पोपटी साडी. फक्त ब्लाउज जांभळा होता आणि गळ्यात केशरी मण्यांची माळ होती.

मी टोकाला गेले. मॅडमनी परत एकदा मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, अंगाचा रंग बघून तरी कपड्याचा रंग निवडावा माणसानं."

हसल्या सगळ्या. खो खो नाही, तोंडाला पदर लावून. आणि मीही हसले. का हसले, ते मला आजही कळत नाही. कुणीतरी कानफटात मारावी आणि आपणच गाल चोळत दात काढावेत, तसं झालं. फोटो काढणाऱ्यानं "रेडी" म्हटलं आणि माझं ते हसू तसंच फोटोत गेलं.

रत्नागिरीतल्या एका खाजगी शाळेत मी ऑफिसच्या खिडकीवर बसते. दाखले, अर्ज, पालकांच्या चौकशा. नेमणूक वर्षाची. दर जूनमध्ये नवी सही. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना सगळं नीटनेटकं लागतं. फुलदाणीतली फुलं एका रंगाची, नोटीस बोर्डाचा कागद एका रंगाचा. आणि नवरात्रातले नऊ रंग तर त्यांच्या जिवाचे. रोज त्या रंगाच्या साडीत सगळ्यांचा फोटो, शाळेच्या पानावर टाकायचा, जमलं तर गावच्या पेपरातही.

मी बौद्ध. आमच्या घरी घट बसत नाहीत. इतकी वर्षं या फोटोंत मी नव्हतेच. मी समोर उभी राहून मोबाईल धरायची. "जरा आत सरका, हां, आता हसा." कुणाचा पदर पडलाय, कुणाचे डोळे मिटलेत, ते मी सांगायची. त्याचं मला फार वाईट वाटायचं असंही नाही. माझ्या अंगावर असायची राखाडी नाहीतर बदामी साडी, आणि तसल्या साडीतल्या बाईला फोटोत कोण बोलावणार? यंदा शाळेनं फोटोसाठी माणूसच बोलावला, म्हणून मॅडम म्हणाल्या, "या हो तुम्हीपण." मला आनंद झाला होता. ते खोटं कशाला बोलू?

या रंगांचं सांगायचं तर पावसला जावं लागेल. मी तिकडची. आमची वाडी गावाच्या बाहेर, सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे वरचा उघडा कातळ, झाड नाही, सावली नाही. आई, म्हणजे आमची आये, आंब्याच्या दिवसांत एका बागायतदाराच्या घरी कामाला जायची. उतरलेले आंबे निवडायचे, पिकवायच्या माचात गवत पसरून अढी लावायची, पिकलेले बाजूला काढायचे. मी सोबत जायची. आम्ही मागच्या अंगणातून जायचो आणि मागच्या अंगणातूनच यायचो.

बाबा मुंबईला गोदीत होते. एका शिमग्याला आले तेव्हा माझ्यासाठी कापड घेऊन आले. परकराला राणी रंगाचं, पोलक्याला पिवळंधमक. वाडीतल्याच एकानं शिवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अंगात घातलं आणि माझं मलाच काय करावं कळेना. रस्त्यानं चालत नव्हतेच मी, उड्या मारत होते. तशीच आयेच्या मागून बागेत गेले.

त्या घरच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणायचे. वहिनी मागच्या दारात आल्या. मला बघून थांबल्या.

"अगो, हे काय घातलंयस? कोळशाला फीत बांधल्यासारखं दिसत्येय. जा, घरी जाऊन बदलून ये."

ओरडल्या नाहीत. वाईट माणूस नव्हत्याच त्या. घरातले जुने फ्रॉक आम्हाला त्याच द्यायच्या. विटलेले, काखेत उसवलेले, पण धुवून, घडी करून. ते घातले की त्यांना बरं वाटायचं. "आता कशी शहाण्या मुलीसारखी दिसत्येस," म्हणायच्या. त्यांच्या घरातल्या कपड्याचा रंग पार गेला की तो आमच्याकडे यायचा. नवा करकरीत रंग घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले, ही माझी चूक झाली होती.

मी आयेकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती खाली बसून आंबे निवडत होती, तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत. मी एकटी घरी आले, परकर-पोलकं काढलं आणि त्यांचाच जुना फ्रॉक घालून परत गेले. मला तहान लागली होती, मी पाणीही मागितलं नाही.

संध्याकाळी आयेनं मला मारलं नाही. रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझं परकर-पोलकं पाण्यातून काढून सड्यावर घेऊन गेली. भर कातळावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. पाणी मारायचं, वाळवायचं, उलटं करायचं, परत पाणी मारायचं. चैत्राचं ऊन. कातळ असा तापतो की पाय टेकवत नाही. मी विचारलं, "आये, काय करतंस गो?"

ती म्हणाली, "बाय, नवा दिसला का डोळ्यात येता. जुना दिसला का कोन बगत नाय."

काही दिवसांनी राणी रंगाचं काहीतरी मळकट गुलाबी झालं. पिवळ्याचं तर नावही सांगता येईना. मग ते मला घालायला मिळालं. त्याच्यानंतर आमच्या घरात ही रीतच पडली. नवा कपडा आला की आधी सड्यावर जायचा, मग अंगावर यायचा. वाडीतल्या आणखी दोन-तीन बायका असंच करायच्या. त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं. पापड वाळत घालावेत तसे त्या आपल्या पोरींचे रंग वाळत घालायच्या, आणि घरी येऊन भात रांधायच्या.

मोठी झाले, शिकले, रत्नागिरीत आले. आता सड्याची गरज उरली नाही. मी विकतच विटलेलं घ्यायला लागले. दुकानात बसले की आधीच सांगायची, "जरा दबका रंग दाखवा." दुकानदार लाल काढायला लागला की हात करून थांबवायची. बदामी, करडा, राखाडी, मातकट. जयंतीला, वंदनेला आम्ही पांढरं नेसतो. तो पांढरा आमचा, आम्ही निवडलेला. तो नेसले की मान ताठ होते. पण हे मातकट मी निवडलेलं नव्हतं. हे माझ्या हातून कोणीतरी दुसरंच निवडत होतं, आणि मला ते पन्नाशी जवळ येईतो कळलं नाही.

आये गेली तेव्हा तिला नेसवायला साडी हवी म्हणून मी तिची ट्रंक उघडली. एकेक साडी काढत गेले. एकही अशी सापडली नाही की तिचा रंग नावानं सांगावा. सगळ्या धुरकट. त्यातलीच एक नेसवली. दुसरी कुठून आणणार होते त्या घाईत? बायका रडत होत्या. मी पण रडत होते, पण मला नुसतं वाटत होतं की हिला एकदा, एकदा तरी लाल नेसवायला हवं होतं. आता काय उपयोग?

आणि मग एकदा ब्लाउजची चूक झाली. मिरकरवाड्याच्या रस्त्याला शमीमआपा शिवणकाम करतात, माझे ब्लाउज त्यांच्याकडे. लग्नसराईत त्यांच्याकडे कापडांचे ढीग पडलेले असतात. माझ्या आमसुली साडीवर शिवायला तपकिरी कापड दिलं होतं, त्याऐवजी त्यांनी माझ्या मापावर दुसरीचं लिंबू रंगाचं कापड बेतून टाकलं. मी घ्यायला गेले तर हातात लिंबू. मी म्हटलं, "आपा, हे माझं नव्हे हो. हे मला कसं चालेल?"

आपांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "आता कापलंय ते कापलंय, तिला मी नवीन कापड आणून देईन. पण बाय, तू एकदा घालून तर बघ."

पडद्याआड जाऊन घातलं. वरून आमसुली साडीचा पदर घेतला. आरशात बघितलं. आमसुलाचा तो गडद रंग, त्याच्यावर लिंबू, आणि त्यातून निघालेला माझा काळा दंड. मला माझा दंड एवढा कधी दिसलाच नव्हता. सुंदर दिसत होता. मी माझ्याविषयी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वापरतेय आणि लिहिताना अजूनही इकडेतिकडे बघतेय. पडद्याआड मला रडू आलं. आपा बाहेरून म्हणाल्या, "झाला का?" मी म्हटलं, "झाला. राहू दे हाच."

मग मी सुटले. साड्या आपल्या त्याच, ब्लाउज बदलत गेले. राखाडीवर गुलबक्षी. शेवाळीवर केशरी. मग साड्याही घ्यायला लागले. चिंतामणी रंग मला फार आवडतो, त्याच्यावर एकदा गाजरी घातला. काही वेळा फसलं. डाळिंबीवर मोरपंखी घातलं तेव्हा माझं मलाच डोळे मिटावेसे वाटले. पण ते फसणंही माझंच होतं, म्हणून गोड होतं. सकाळी उठून काय नेसावं, हा विचार करण्यात मजा असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लोक बोलायला लागले. "काय, आज कुठे हळद?" "वय झालं की माणसाला रंग चढतो म्हणतात." ऑफिसातल्या एकीनं तर विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" नवरा मुंबईला एका इमारतीत सुरक्षारक्षक आहे, तो व्हिडिओवर बघून म्हणाला, "ह्या काय नेसलंस? नाचायला चाललंस का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "लोकं बोलतात गो. आपण कशाला नजरेत यायचं?"

आयेचंच बोलणं, पुरुषाच्या आवाजात. तो दिवसभर दुसऱ्यांचं फाटक उघडतो. कुणाच्या नजरेत आलं की काय होतं ते त्याला माझ्याहून जास्त माहीत. मी नुसतं हूं म्हटलं.

तर तो फोटो. दोन दिवसांनी शाळेच्या पानावर आला. सगळ्यांच्या मोबाईलवर टुंगटुंग वाजायला लागलं. मी उघडला आणि स्वतःला शोधायला लागले. सापडेना. टोकाला एक बाई होती. हिरवी साडी, हिरवा ब्लाउज. गळ्यात काही नाही. चेहरा गोरा. नुसता उजळ नाही, गोरा. नाक माझं, हसू माझं, ते कानफटात खाल्ल्यावरचं हसू. बाकी सगळं पुसून रंगवलेलं होतं.

मी मोबाईल पालथा ठेवला. परत उचलला. मला वाटलं उजेडाचं असेल. मोठं करून बघितलं. जांभळ्याचा एक ठिपका बाहीच्या कडेला राहून गेला होता, तेवढाच.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. त्याच्यापर्यंत फोटो कसा गेला कोण जाणे. खुशीत होता. "बघ, आता कशी बरी दिसतंस." मी फोन कट केला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. गॅसवर डाळ होती, ती लागली. वास आला तरी मला उठवेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. आत गेल्यावर एकही आठवेना.

"मॅडम, तो फोटो काढून टाका."

"कुठला?"

"हिरव्याच्या दिवसाचा. त्यात मी नाही."

त्यांनी मोबाईल काढला, बघितलं. "आहात की. ह्या काय."

"हा माझा चेहरा नाही. ब्लाउज पण नाही."

मॅडम हसल्या. अगदी प्रेमानं हसल्या. "अहो, ते कॉम्प्युटरच्या सरांनी केलंय. सगळ्यांचंच थोडं उजळ करतात. तुमचं जरा जास्त करावं लागलं, एवढंच. उलट छान दिसताय. आभार माना."

इतकं बोलायचं होतं. पावसचं, सड्याचं, आयेचं. तोंडातून आलं ते एवढंच, "माळ पण पुसलीत."

"कसली माळ?"

त्यांना आठवतच नव्हती. मी बाहेर आले आणि खिडकीवर जाऊन बसले. समोर एक पालक दाखल्यासाठी उभे होते. मी दाखला दिला, सही घेतली, शिक्का मारला. हात अगदी नीट चालत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी ऑफिसातल्या आम्हा बायकांना आणि मावशींना बोलावलं. एकेक पाकीट हातात दिलं. आत साडी. बिस्किट रंगाची, काठ तपकिरी, ब्लाउज त्याच कापडाचा. "सुट्टीनंतर सगळ्यांनी रोज हीच नेसायची. म्हणजे काय नेसावं याचा तुम्हाला त्रास नको." बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बघायची गरजच नव्हती. बाकीच्या जणी साडीचा पोत बघत होत्या, बरी आहे म्हणत होत्या. मी पाकीट घेतलं. थँक्यू म्हटलं. हो, म्हटलं मी थँक्यू.

घरी येऊन ती नेसून बघितली. आरशात आये उभी होती. तेच खांदे, तोच धुरकट रंग, तीच खाली गेलेली मान. मला तिचा राग आला नाही. कधीच आला नाही. पोरीला कुणी दारातून परत पाठवू नये म्हणून तिनं पोरीचा रंगच काढून टाकला. तिच्या हातात दुसरं काय होतं? पण ज्यांच्या भीतीनं तिनं तो उन्हात मारला, त्यांचा राग आला. एवढा आला की साडी सोडताना पिन बोटात घुसली ते कळलं नाही. वहिनींचा आला, मॅडमचा आला, पदर तोंडाला लावणाऱ्या सगळ्यांचा आला. मला प्रेमानं विटवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त आला. त्यांच्याशी भांडताही येत नाही. त्या हसतात, घडी करून कपडा देतात, आणि वर आपणच थँक्यू म्हणायचं.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी चिंतामणी साडी नेसले, गाजरी ब्लाउज घातला आणि पाकीट मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"ही नको."

"नको म्हणजे? युनिफॉर्म आहे तो."

"शिक्षिकांना का नाही?"

"त्या शिक्षिका आहेत."

"मला नको, मॅडम."

त्यांनी पाकीट बाजूला सरकवलं. मग फाईल उघडत म्हणाल्या, "ठीक आहे. जूनमध्ये विचार करावा लागेल."

"करा."

मी बाहेर आले. मी काही मोठं केलं असं कुणाला वाटलं नाही. ऑफिसातल्या बायका बिस्किट रंगात बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. दोन दिवसांत मला खिडकीवरून काढलं आणि मागच्या खोलीत बसवलं. तिथे मोडके बाक आणि जुने गठ्ठे आहेत. पालकांच्या समोर मी नको. आता मला दिवसभर कुणी बघत नाही. दार लोटलेलं असतं आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. तरी मी रोज जुळवून नेसते, रोज. मावशी चहा द्यायला येतात. त्यांना साडी नाकारता आली नाही, नवरा आजारी आहे. मी त्यांना कशाला काही बोलू?

तो फोटो अजून तिथेच आहे. मी दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही. पोलिसात जाऊन काय सांगू? मला गोरं केलं म्हणून तक्रार घ्या? हसतील. नवरा म्हणतो, "कशाला हट्ट करतंस? साडीच हाय ना?" या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार, हेही तो म्हणतो, आणि ते खरं आहे. मी विचारून बघितलंय दोन-तीन ठिकाणी. नाही म्हणाले. मला जूनची भीती वाटते.

पण ठरलंय. जूनमध्ये मला केबिनमध्ये बोलावतील. सही करायची असेल तर उद्यापासून बिस्किट रंगात या, म्हणतील. मी गुलबक्षी साडी नेसून जाणार आहे, वर हळदीच्या रंगाचा ब्लाउज. दोन्ही आणून ठेवलेत. त्यांना मला घरी पाठवायचं असेल तर त्याच कपड्यांत पाठवावं लागेल. आणि मी मागच्या दारानं जाणार नाही. शाळा भरायच्या वेळेला, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत जाईन.